मॉक ट्रॅव्हल सिरीज करताय? आमच्या सुट्टे काकांनी केलेल्या या चुका टाळा

पहिल्या एपिसोडचा रफ कट, म्हणजे कच्चं एडिटिंग, घरी टीव्हीवर लावला, आईने सात मिनिटं बघितला आणि म्हणाली, "हा मुद्दाम करतोय ना रे?" संपलं. बघणाऱ्याला एकदा वाटलं की हा माणूस मुद्दाम करतोय, की मॉक ट्रॅव्हल सिरीज, म्हणजे ट्रॅव्हल व्लॉगची सरळ चेहऱ्याने केलेली नक्कल, तिथेच झोपली, मग पुढे तुम्ही काय वाट्टेल ते करा.

आमचा हिरो म्हणजे सुट्टे काका. वय ५८, नुकतेच रिटायर, "दिवा ते पणजी, सात दिवस, फक्त दोन हजारात" अशा मोहिमेवर निघालेले, पाठीवर पुतण्याची कॉलेजातली सॅक, सॅकमध्ये स्टीलचा डबा, चहाची गाळणी, कपडे वाळत घालायची दोरी, आणि कॅमेरा दिसला की एकदम मोठ्या ट्रॅव्हल व्लॉगरच्या थाटात टिपा देणार. काका अर्थात काल्पनिक, माझा एक मित्र करतो, कॅमेरा माझ्याकडे, माइक मावसभावाकडे. तिघांनी मिळून जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. बहुतेकांचं मूळ एकच निघालं: काका येडे आहेत म्हणून आम्ही आजूबाजूचं सगळंच येडं करून ठेवलं होतं. ते उलटं पाहिजे. काका सोडून बाकी सगळं शंभर टक्के खरं.

काका विनोद करत नाहीयेत

मित्र प्रत्येक वाक्यानंतर भुवई वर करून अर्धा सेकंद थांबायचा, हसायला जागा म्हणून. नाटकात चालतं हे, इथे नाही, कारण काकांच्या मते ते लोकांना अत्यंत उपयुक्त माहिती देतायत. "चेहरा सरळ ठेव" असं सांगून काही फरक पडला नाही, उलट तो सरळ चेहऱ्याची पण अ‍ॅक्टिंग करायला लागला. शेवटी उपाय सापडला तो म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काकांना एक बारीकसं, अगदी फालतू असं काहीतरी हवं असलं पाहिजे आणि ते मिळवण्यात त्यांचा जीव अडकलेला पाहिजे.

उदाहरण सांगतो. एसटीत कंडक्टरकडे सुट्टे नसले की मास्तर तिकिटाच्या मागे उरलेले पैसे लिहून देतात, उतरताना घ्या म्हणून, हे सगळ्यांना माहितीये. तर काकांच्या तिकिटामागे "७" लिहिलंय. राजापूरपर्यंतच्या सगळ्या प्रवासात काका खिडकीबाहेर बघतच नाहीत. बाहेर घाट, नदी, हिरवागार डोंगर, आणि आमचा ट्रॅव्हल व्लॉगर तिकीट मुठीत धरून मास्तरांच्या पाठीकडे बघतोय. मध्येच कॅमेऱ्याला म्हणतो, "निसर्ग काय, परतीलाही आहे." इथे मित्राला भुवई वर करायची गरजच पडली नाही, कारण त्याला खरंच ते सात रुपये हवे होते.

या सीनमध्ये मास्तर दिसत नाहीत, फक्त आवाज आणि तिकिटाच्या मागच्या बाजूचा क्लोजअप. ड्युटीवरच्या माणसाला तुमच्या सीनमध्ये ओढू नका, त्याच्यामागे पन्नास पॅसेंजर आणि हिशोबाची कटकट असते.

एक धोका आहे, यूपीआय. एसटीच्या नव्या तिकीट मशीनवर क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देता येतात, म्हणजे सुट्ट्यांचा सगळा जोकच गेला. पहिल्या ड्राफ्टमध्ये आम्ही हे चक्क विसरलो होतो. मग काकांना साधा बटणांचा फोन दिला आणि कारण असं दिलं की "स्मार्टफोनला रोज चार्जिंग लागतं, विजेचा खर्च कुठे धरायचा?" प्रेक्षकाच्या मनात येणारा साधा प्रश्न स्क्रिप्टमध्ये अगोदरच सोडवून ठेवा, नाहीतर तो पूर्ण एपिसोडभर तेच घेऊन बसतो.

हिशोब चुकला की सगळं चुकलं

बजेट ट्रॅव्हलची टिंगल करताय तर बजेट खरं लागतं. आमच्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये काका "चाळीस रुपयात जेवलो" वगैरे हवेत बोलायचे, आणि लोक असल्या बाबतीत भयंकर बारीक असतात राव, चाळीसमध्ये कुठे थाळी मिळते ते आधी सांगा म्हणतात. म्हणून आता एक दोनशे पानी वही घेतलीये आणि शूटिंगला काका जे जे खर्च करतात ते खरंच देऊन त्यात लिहितो.

त्यातून जोक आपोआप निघतात हा फायदा. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. काका एक टप्पा आधी, फाट्यावर उतरतात, दहाएक रुपये वाचवतात, मग भर उन्हात चालत निघतात आणि वाटेत वीस रुपयांची पाण्याची बाटली घेतात. दोन बाटल्या. हे कोणी बोलून दाखवायचं नाही, फक्त वहीचं पान दाखवायचं. आम्ही आधी त्यावर काकांचं एक वाक्य टाकलं होतं, "अरेच्चा, तोटाच झाला की", आणि सीन आडवा झाला. काकांच्या वहीत पाणी "आरोग्य" या वेगळ्या खात्यात जातं, त्यामुळे प्रवासात फायदाच झालेला असतो.

कोकण रेल्वेचं पण तसंच. दिवा–सावंतवाडी पॅसेंजरचं तिकीट स्वस्त म्हणून काका खूश, पण राजापूर रोड स्टेशन गावापासून चांगलंच लांब आहे, नावातल्या "रोड"चा अर्थ तिथे उतरल्यावर कळतो, आणि मग रिक्षावाला जो आकडा सांगतो तो ऐकून काका जे गप्प होतात तो आमच्या एपिसोडमधला सगळ्यात लांब शॉट आहे, ४० सेकंद.

तिकिटांची कंटिन्युइटी

कंटिन्युइटी म्हणजे एका शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशीच दिसणं. ही चूक आम्हाला सगळ्यात महाग पडली. पहिलं शूटिंग डिसेंबर २०२४ मध्ये झालं, राहिलेले शॉट्स फेब्रुवारी २०२५ मध्ये. मध्ये, २५ जानेवारीपासून, एसटीची भाडेवाढ झाली, १४.९५ टक्के. आता गोष्टीत एकच दिवस चाललाय आणि काकांच्या हातात त्याच गावाची दोन तिकिटं दोन वेगळ्या भाड्यांची! दुसऱ्या कुठल्या सिरीजमध्ये कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण इथे हिरोच असा आहे की तो तिकीट उन्हात धरून वाचतो.

त्यात वर काय झालं की डिसेंबरची तिकिटं मित्राच्या शर्टाच्या खिशात राहिली होती आणि मशीनचं तिकीट थर्मल कागदावरचं असतं, ऊन आणि घाम लागला की अक्षरं उडतात. फेब्रुवारीत काढली तर कोरी. म्हणजे जुना भाव दाखवायला पुरावाच नाही. तेव्हा तिकीट, बिल, पावती, जे काही कॅमेऱ्यात येणार आहे त्याचा त्याच दिवशी फोटो काढा, आणि मूळ कागद डायरीत, सावलीत.

शेवटी आम्ही भाडेवाढच स्क्रिप्टमध्ये घेतली. काका स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी उभे, नवीन भाडं ऐकतात, वही काढतात, आणि तिथेच खाली बसून सात दिवसांचं बजेट साडेसहा दिवसांचं करतात. "पणजी नको, आपण पणजीच्या अलीकडे थांबू." पूर्ण सिरीजमधला हा सीन मला जास्त आवडतो आणि तो चुकीतून आलाय, पण म्हणून तुम्ही चूक करा असं मी म्हणत नाहीये, आम्हाला दोन दिवसांचं शूटिंग परत करावं लागलं.

कपड्यांचंही हेच. काका रोज एकच शर्ट धुतात हा जोक आहे म्हणून आम्ही एकच शर्ट नेला. तो खरंच धुवावा लागला, कोकणातल्या दमटपणात वाळला नाही, आणि अर्ध्या एपिसोडमध्ये शर्टाचा रंग गडद दिसतो. एकसारखे तीन शर्ट न्या.

आवाज, आवाज, आवाज

चित्र हललेलं चालतं, खरं तर मॉक ट्रॅव्हलमध्ये थोडं हललेलंच बरं दिसतं, पण आवाज गेला तर काही उरत नाही. चालत्या एसटीत खिडक्या खडखडतात, गिअर रडतो, मागे कोणाच्यातरी फोनवर कीर्तन चालू असतं. तिथे डायलॉग घेऊच नका. चालत्या गाडीत फक्त काकांचा चेहरा घ्या, बोलणं गाडी स्टँडवर थांबून इंजिन बंद झाल्यावर.

रेल्वेत याहून सोपी युक्ती आहे, क्रॉसिंग. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी मार्ग, त्यामुळे पॅसेंजर गाडी कुठल्यातरी छोट्या स्टेशनात बाजूला लावतात आणि मागची-पुढची एक्सप्रेस जाईपर्यंत ती तिथेच. बाकीचे प्रवासी वैतागतात, आम्ही खूश, वीस मिनिटं शांतता, पक्षी ओरडतायत, शेंगदाणेवाला पण थकून बसलेला. आमच्या दुसऱ्या एपिसोडमधले जवळपास सगळे डायलॉग क्रॉसिंगला घेतलेले आहेत.

याच्या उलट केलेला गाढवपणा म्हणजे करबुडे बोगदा. रत्नागिरीच्या अलीकडे, साडेसहा किलोमीटर लांब. तिथे काकांचं भाषण ठेवलं होतं, "बोगद्यात लाइटचा खर्च वाचतो" वगैरे. काळोख आणि धडधडाट, पाच-सहा मिनिटं कानाला काही कळेना, बाहेर आलो तर फोनच्या कॅमेऱ्याने एक्स्पोजर, म्हणजे चित्रातला उजेड, इतकं उडवलं की काका पांढरे फटक. आता तिथे आम्ही पूर्ण काळी स्क्रीन ठेवलीये आणि आवाज नंतर डब केलाय. एक्स्पोजर लॉक करायला शिका, स्क्रीनवर बोट दाबून ठेवलं की होतं.

कॉलर माइकवर समुद्राच्या वाऱ्यासाठी केसाळ टोपी घाला, आम्ही तिला मांजर म्हणतो. आणि प्रत्येक जागेचा एक मिनिट नुसता आवाज, कोणी काही न बोलता, रेकॉर्ड करून ठेवा. एडिटिंगमध्ये दोन शॉट जोडताना मागचा आवाज मध्येच तुटतो ना, तिथे हाच कामाला येतो.

वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेतला आणि मोठ्या शॉटमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू मागेपुढे व्हायला लागले तर रेकॉर्डरला शिव्या देऊ नका, फोन फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची ते, मधेमधे बदलतो, बहुतेक वेळा त्याचाच तो प्रताप असतो. एडिटिंगच्या आधी क्लिप फिक्स फ्रेम रेटवर कन्व्हर्ट करा, आणि शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे, टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज तिथे जुळवता येतात.

किरकोळ पण डोकं खाणाऱ्या गोष्टी

स्टँडवरच्या ट्यूबलाइटखाली व्हिडिओ लुकलुकतो? शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फोरके (4K) शूटिंग आयफोनवर ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी खातं, म्हणजे तासाला दहा जीबी, मेमरी आधी मोकळी करून निघा. १०,००० एमएएच पॉवर बँकमधून प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच मिळतात. प्लॅटफॉर्मवर ट्रायपॉड उघडला की कोणीतरी परवानगी विचारायला येणारच, आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यावर शूटिंग करायचं तर रीतसर अर्ज करा. ड्रोन तर आणूच नका. दोन हजारात फिरणाऱ्या माणसाचा आकाशातून शॉट कोण घेतंय?

हसायचं कोणावर

यावर आमची भांडणं झाली. पहिल्या कटमध्ये खानावळीतल्या मावशींचा मालवणी हेल ऐकून काका तोंड वाकडं करतात असा शॉट होता आणि त्यावर आम्ही तिघं खूप हसलो होतो. दोन दिवसांनी बघितला तर कसंतरी झालं. त्या बाईंनी परवानगी दिली, वर दुसऱ्यांदा सोलकढी वाढली, आणि आपण काय करतोय? काढून टाकला. त्याजागी आता काका स्वतःचा डबा पुढे करून विचारतात की भात घरचा आहे, नुसती कढी मिळेल का, आणि मावशी काही न बोलता त्यांच्याकडे बघत राहतात. ते बघणं खरं आहे, आम्ही त्यांना काकांचा प्रश्न आधी सांगितला नव्हता. शूट झाल्यावर सगळं समजावलं, क्लिप दाखवली, वापरू का विचारलं, मग वापरली. नाही म्हणाल्या असत्या तर डिलीट. आणि बिल पूर्ण थाळीचं दिलं, वहीत ते "युनिट खर्च" म्हणून आहे, म्हणजे आमचा, काकांचा नाही.

व्हॉइसओव्हर शेवटी लिहा. आम्ही आधी लिहिला आणि त्यातच सगळे जोक संपवले, मग चित्रात काका तेच परत करतायत. निवेदक एकदम गंभीर, दूरदर्शनवरच्या जुन्या माहितीपटासारखा हवा, आणि त्याने फक्त तारीख, ठिकाण, शिल्लक रक्कम सांगावी. "दिवस तिसरा. कणकवली. शिल्लक नऊशे बारा रुपये." पुरे.

सध्या तिसरा एपिसोड अडकलाय. कारण टेक्निकल नाहीये. वहीची बेरीज आणि काकांच्या पाकिटातली रक्कम यात तीन रुपयांचा फरक येतोय, सगळे शॉट परत बघितले, सावंतवाडी स्टँडवरचा चहा दोनदा धरला असेल असं माझं मत आहे, मावसभाऊ म्हणतो सोडून द्या, कोणाला कळतंय, पण मित्र ऐकत नाही. तीन रुपये कुठे गेले ते कळल्याशिवाय तो डबिंगला बसणार नाही म्हणतो.