ध्रुवपद नसलेलं गाणं लिहिताय? या चुका टाळा

ज्या गाण्यात ध्रुवपद परत येत नाही, सगळी कडवी एकाच चालीवर जात नाहीत, गोष्ट पुढे सरकते तसं संगीतही पुढेच जातं, त्याला थ्रू-कंपोज्ड म्हणतात. ऑपेराचे अख्खे अंकही असे असतात. नवीन लिहिणाऱ्यांना याचं भारी आकर्षण, कारण लांबून बघितलं की वाटतं यात नियमच नाहीत. मी तालमींना पियानो वाजवते, त्यामुळे त्याच त्या चुका इतक्यांदा समोर आल्यात की पहिलं पान वाजवतानाच कळतं पुढे काय वाढून ठेवलंय.

दर कडव्याला नवीन सगळंच

ही माझी सगळ्यात नावडती चूक. कडवं परत यायचं नाही म्हणजे काहीच परत यायचं नाही असा अर्थ लोक काढतात, मग पहिल्या कडव्याला एक चाल, दुसऱ्याला दुसरी, तिसऱ्यात लय बदलली, चौथ्यात ताल, आणि साथीचा पॅटर्न दर चार बारला, म्हणजे तालाच्या चार आवर्तनांना, नवा, कारण काय तर आपण फ्री फॉर्ममध्ये लिहितोय. एका वर्कशॉपमध्ये एका मुलाने असं गाणं आणलं होतं, सहा कडव्यांची कविता, प्रत्येक कडव्याची पट्टी वेगळी. गाणारी मुलगी चांगली तयार होती, सूर पक्के, वाचन पक्कं. तिने एकदा सगळं गाऊन बघितलं आणि शांतपणे विचारलं, यात मी कशावर जोर देऊ? तो म्हणाला, सगळंच महत्त्वाचं आहे. मग आम्ही ते तीनदा केलं आणि तिन्ही वेळा समोर बसलेल्यांना चौथ्या कडव्यानंतर गोष्टीत काय चाललंय ते कळेनासं झालं. चाली वाईट नव्हत्या हो, दोन तर सुंदर होत्या! पण कान एका गोष्टीवर स्थिरावतोय तोवर ती गेलेली.

अशा वेळी मी संगीतकार शूबर्टचं अर्लकोनिग समोर ठेवते. 1815 चं गाणं, तेव्हा शूबर्ट 18 वर्षांचा. जर्मन कवी गटेची आठ कडव्यांची कविता, रात्री घोड्यावरून मुलाला घेऊन निघालेल्या बापाची, त्यात निवेदक, बाप, मुलगा आणि मुलाला भुलवणारा भुतांचा राजा अर्लकोनिग असे चार आवाज, आणि गाणारा एकच. कडव्याची चाल परत येत नाही, बरोबर. पण पियानो बघा. उजव्या हातात पहिल्या बारपासून एकाच स्वराचे ऑक्टेव्ह (तोच स्वर खालच्या-वरच्या सप्तकात एकदम), तीन-तीनच्या गटात, घोड्याच्या टापा. अर्लकोनिग मुलाला गोड बोलून बोलवायला लागतो तेव्हा पट्टी मेजर, म्हणजे उजळ वाटणारी, होते, साथ मऊ होते, पॅटर्न मोडून वेगळा होतो, पण ते तीन-तीन सुटत नाहीत. सुटतात कुठे तर अगदी शेवटी, मूल गेलंय हे सांगायच्या ओळीवर, तिथे पियानो थांबतो आणि गायक जवळजवळ बोलतो. आणि मुलाची बापाला मारलेली ती हाक, ती तीनदा येते, वळण तेच, दर वेळी आधीपेक्षा वर, आणि साथीतल्या स्वराला अर्ध्या स्वराने घासत. म्हणजे यात परत येणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, फक्त कडवं परत येत नाही.

त्यामुळे माझी सवय अशी की कोणी असं गाणं आणलं की आधी विचारते, शेवटपर्यंत टिकणारी गोष्ट कुठली? एक लय, एक स्वरांतर, बासमधली एक चढण, काहीही चालेल, पण ती चाल लिहायच्या आधी ठरलेली पाहिजे. मग गायकाला गप्प बसवून नुसती साथ वाजवायला लावते. दुसरं पान आणि नववं पान एकाच गाण्याचं वाटत नसेल तर घरी जा आणि परत लिहा. लोकांना राग येतो, येऊ दे.

कळस पहिल्याच पानावर

ही गायकांची चूक. अर्लकोनिगमधल्या त्या तीन हाकांपैकी पहिलीच पूर्ण ताकदीने मारली की तिसरीला वर जायला जागाच राहत नाही, कारण स्वर वर गेला तरी आवाज आधीच संपलेला असतो. मी तिसऱ्या हाकेपासून तालीम सुरू करते, आवाज किती लागतो ते तिथे ठरवायचं आणि मग मागे येत पहिल्या दोन कमी करायच्या. पहिल्या दिवसापासून सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऊन बघायचा हट्ट धरणारे शेवटचं पान कायम कच्चं ठेवतात.

पाठ करताना "हे आधीच्या कडव्यासारखंच" असा आधार इथे मिळत नाही. शेवटाकडून पाठ करा. झालं.

सगळं गायलं की झालं, असं नाही

ले मिझेराब्ल किंवा जीझस ख्राइस्ट सुपरस्टार ऐकून लोक येतात आणि म्हणतात आम्हालाही तसंच थ्रू-कंपोज्ड करायचंय. त्या नाटकांत बोलणं जवळपास नाही हे खरं, पण चाली पुन्हा पुन्हा येतात, एका पात्राची चाल दुसऱ्याच्या तोंडी वेगळ्या शब्दांनी येते, आणि त्यावरच तर त्यांची मजा आहे. उलट मोझार्टचा फिगारो हा ऑपेरा, 1786 चा, सुटी सुटी गाणी आणि मध्ये रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखं गाणं, अशा बांधणीचा, पण त्याच्या दुसऱ्या अंकाचा शेवट साधारण 20 मिनिटं न थांबता वाहतो. तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला संवाद नकोय, टाळ्यांसाठी थांबणं नकोय, की कडवी परत यायला नकोयत. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

"इथून इथपर्यंत काढून टाकू"

आता ही माझी दुसरी नावडती चूक, हिच्यावर मी रात्रभर बोलू शकते. सुट्या गाण्यांच्या ऑपेरात एखादी आरिया (एकट्याने गायचं गाणं) उडवली तर बाकीचं उभं राहतं. सलग लिहिलेल्या कामात तसं नाही. एका एकांकी ऑपेराच्या तालमीत दिग्दर्शकाला मधला भाग संथ वाटला, त्याने पेन्सिलने अडीच पानं खोडली आणि जोड कानाला बरा लागतोय असं ठरवून मोकळा झाला. पियानोवर खरंच बरा लागत होता. ऑर्केस्ट्रा आला त्या दिवशी नायिका प्रवेशाला अर्धा स्वर खाली शिरली. परत घेतलं, परत तेच. सगळे तिच्याकडे बघायला लागले, ती रडायच्या बेतात. मग स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांची लिपी, उघडून बघितलं तर तिच्या प्रवेशाच्या आधी ओबो या फुंकवाद्याचा एक लांब स्वर होता, तोच तिचा सूर, ती इतके दिवस त्यावरून उचलत होती आणि पियानोवर मी तो सवयीने ठळक वाजवत होते. कट पडल्यावरही पियानोच्या तालमीत तिला माझ्या डाव्या हातातून काहीतरी मिळत होतं, ऑर्केस्ट्रात तिथे नुसते ड्रम.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. शेवटच्या प्रवेशात मरणाऱ्या माणसाला जी धून आठवते ती पहिल्यांदा येत होती त्या खोडलेल्या अडीच पानांत. आता प्रेक्षकांनी आधी न ऐकलेली धून त्याला आठवत होती. मी हे सांगितलं तर उत्तर आलं की एवढं कोण ऐकतंय. शेवटी दीड पान परत घातलं, ओबोसकट.

तेव्हा कट करायचाच असेल तर आधी तीन गोष्टींवर खूण करा: पुढच्या गायकाला सूर कोण देतंय, इथे पहिल्यांदा काय ऐकू येतंय जे पुढे लागणार आहे, आणि या वेळात रंगमंचावर कोण कपडे बदलतंय.

सेट बदलायला वेळ कुठे?

संगीत थांबणार नसेल तर सेट कधी हलणार हे लिहितानाच बघायचं असतं. डेब्यूसीच्या पेलेआस ए मेलिझांद या ऑपेराच्या तालमी 1902 मध्ये पॅरिसच्या ओपेरा-कोमिकमध्ये चालू होत्या तेव्हा प्रवेशांच्या मधलं संगीत सेट बदलायला पुरेना, त्याला ते लांबवावं लागलं. आज तेच तुकडे लोक जीव टाकून ऐकतात. वाग्नरच्या रेनगोल्ड या ऑपेरात चार प्रवेश, साधारण अडीच तास, मध्यंतर नाही, आणि जमिनीखालच्या बुटक्यांच्या राज्यात उतरतानाचा सगळा बदल ऑर्केस्ट्रा सांभाळतो, शिवाय ठोकायला 18 ऐरणी. तुम्ही ऐरणी नका आणू, पण स्टेज मॅनेजरला स्टॉपवॉच घेऊन शेजारी बसवा. "ते बघू नंतर" म्हणणाऱ्या प्रत्येक संगीतकाराने नंतर एकच कॉर्ड आठ वेळा वाजवायला लावलीय, मलाच!

बाकीच्या पटापट

लाइटमोटिफ, म्हणजे एखाद्या पात्राशी जोडलेली छोटी धून, म्हणजे पात्राच्या गळ्यातली नावाची पाटी नव्हे. माणूस आला की धून वाजली, एवढंच करणार असाल तर करूच नका. पात्र बदललं तर धूनही बदलली पाहिजे.

मित्र म्हणाला "लक्षात राहत नाही" म्हणून शेवटी ध्रुवपद चिकटवू नका.

सॉफ्टवेअरमध्ये कॉपी-पेस्ट करून दोन स्वर इकडेतिकडे केले की ती प्रगती होत नाही, ऐकणाऱ्याला कळतं.

कवितेतच पालुपद असेल तर ती कविता या प्रकारासाठी घेताना दहादा विचार करा. आणि एकाच चालीवरची कडवी म्हणजे कमी दर्जाचं काम हा गैरसमज डोक्यातून काढा. अर्लकोनिगची तीच कविता 1782 मध्ये गटेच्या एका संगीत नाटुकल्यात कोरोना श्र्योटरने छोट्याशा चालीवर बसवली होती, सगळी कडवी तशीच, कारण तिथे एक कोळीण काम करता करता ती गुणगुणतेय. तिथे तेच बरोबर होतं.

आणि पियानो वाजवणाऱ्यांनो, अर्लकोनिगमध्ये मनगट भरून आलं की तीनातला एक स्वर गुपचूप खाणं बंद करा, लय लंगडते आणि गायक घाबरतो. शूबर्टच्या एका आवृत्तीत तीन-तीनच्या जागी दोन-दोनचेच गट आहेत, झेपत नसेल तर सरळ ती वाजवा आणि गायकाला पहिल्या तालमीलाच सांगा.