गुरखा घ्यायची, पण 2023ची की 2024ची?

पुण्यात फोर्स कंपनीची गुरखा ही गाडी जुनी घ्यायला निघालात की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘नवीन मॉडेलच घे, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.’ दुसरा, ‘जुनीच घे, नव्यात इलेक्ट्रॉनिक्स घुसलंय.’ दोन्ही सल्ले देणारा माणूस बहुतेक वेळा गाडीखाली एकदाही वाकलेला नसतो. मी गेली बरीच वर्षं स्वतःसाठी आणि मित्रांसाठी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणाऱ्या गाड्या बघतोय. वर्षाच्या आकड्यावरून गाडी ठरवू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण तेच करून येतो.

आधी दोन वर्षांत नेमका फरक काय ते पक्कं करा. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सने सध्याच्या बांधणीची गुरखा सप्टेंबर 2021मध्ये आणली आणि मे 2024मध्ये तिच्यात मोठे बदल केले. इंजिन दोन्हीकडे 2.6 लिटरचं डिझेलच, पण ताकद 90 अश्वशक्तीच्या आसपास होती ती 140 झाली, टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, 250 न्यूटन मीटरवरून 320वर गेला. 16 इंची चाकांच्या जागी 18 इंची आली. फोर बाय फोरचा दांडा जाऊन फिरवायची गोल कळ आली. पाच दारांची गुरखाही तेव्हाचीच. पुढचा आणि मागचा डिफलॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरायला लावणारं डिफरन्शियलचं कुलूप, मात्र दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे हातानेच ओढायचा आहे.

जमिनीपासूनची उंची 205 मिलिमीटरवरून 233 झाली, याचं फार कौतुक चालतं. जुन्या गाडीचं टायर 245/70 आर 16, नव्याचं 255/65 आर 18. गणित मांडलंत तर नव्या चाकाचा व्यास साधारण 40 मिलिमीटर जास्त भरतो, गाडी त्याच्या निम्म्याने वर उचलली जाते, म्हणजे त्या 28 मिलिमीटरपैकी 20 नुसत्या चाकातूनच आले. हे वाचून 2023च्या गाडीला 18 इंची चाकं चढवायला जाऊ नका. चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर लांबतो आणि 90 अश्वशक्तीचं इंजिन घाटात दमतं. स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो.

पासिंगच्या वर्षावर जाऊ नका. आर. सी.वर, म्हणजे नोंदणीपत्रावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, तेच खरं. 2024मध्ये एम. एच. 12 किंवा 14 नंबर मिळालेली गाडी शोरूममध्ये उभी राहिलेली आधीच्या बांधणीची असू शकते. अलॉय चाकं कोणीही बसवून घेतो, त्यामुळे चाकं बघून ठरवू नका. गिअरच्या दांड्याशेजारी फोर बाय फोरचा दुसरा दांडा आहे की गोल कळ, ते बघा.

सर्व्हिसची बिलं, टायरवरची तारीख, विमा हे तुम्ही बघालच.

आता डिफलॉक. इथे मी एकदा फसलोय, म्हणून इथे घाई करू देणार नाही. माझी पहिली फोर बाय फोर, दुसऱ्या एका बनावटीची, मी जुनीच घेतली होती. विकणाऱ्याने माझ्यासमोर लॉकचा दांडा ओढला, डॅशबोर्डवर दिवा लागला आणि मी मान डोलावली. पुढच्या पावसाळ्यात ताम्हिणीच्या अलीकडे एका कच्च्या वाटेवर पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकाच वेळी अधांतरी झालं. दांडा ओढलेला, दिवा लागलेला आणि मागचं चाक हवेत गरागरा फिरतंय. गावातला ट्रॅक्टर येईपर्यंत दोन तास चिखलात उभा होतो. गॅरेजमध्ये कळलं की केबल गंजून धरली होती आणि दिव्याचा स्विच दांड्याच्या टोकाला होता. तेव्हापासून कुठल्याही गाडीत दिव्यावर विश्वास ठेवत नाही. दांडा ओढला गेला एवढंच दिवा सांगतो, लॉक लागलं की नाही ते नाही.

तपासायची रीत साधी आहे, पण डांबरावर करायची नाही. या गाड्यांत 4 एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि 4 एलला (चारही चाकं, कमी वेग पण जास्त जोर) पुढचा आणि मागचा आस घट्ट जोडला जातो. कोरड्या डांबरावर चाकं घसरू शकत नाहीत, मग सगळा ताण पुढच्या-मागच्या आसांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर येतो. बावधन, सूस, भूगावकडे मुरुमाचे मोकळे प्लॉट आहेत. मालकाला विचारून तिथे जा.

गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये 4 एल लावा. जुन्या गाडीत दांडा खटकन बसला पाहिजे, नव्यात कळ फिरवल्यावर दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. लॉक न लावता स्टिअरिंग अर्धं वळवून चालण्याच्या वेगाने एक फेरी मारा. उतरा आणि मागच्या चाकांचे ठसे बघा. मग मागचा लॉक ओढा, सरळ एक-दोन मीटर जाऊ द्या, कारण आतले दात जुळल्याशिवाय तो बसत नाही. पुन्हा तेवढीच फेरी, तेवढंच स्टिअरिंग. लॉक खरंच लागला असेल तर वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकाचा ठसा फरफटलेला दिसेल, नक्षी पुसून मुरूम खरवडलेला. दोन्ही फेऱ्यांचे ठसे सारखेच असतील तर लॉक लागत नाही. विकणारा काहीही म्हणो.

पुढच्या लॉकला ठशांची गरज नाही. स्टिअरिंग जड होतं आणि स्वतःहून सरळ व्हायला बघतं. थोडंसंच वळवा. पुढचा लॉक लावून स्टिअरिंग पूर्ण वळवणं म्हणजे पुढचे सांधे तोडायला बसणं.

आणि लॉक सोडूनही बघा, हे लोक हमखास विसरतात. दांडा परत ढकला, स्टिअरिंग सरळ ठेवून थोडं पुढे-मागे करा आणि तिसरी फेरी मारा. ठसा अजून फरफटत असेल तर लॉक अडकलाय. न लागणाऱ्या लॉकपेक्षा हे जास्त वाईट. अडकलेला पुढचा लॉक घेऊन ओल्या घाटात उतरलात तर गाडी वळणावर सरळच जाईल.

तिथून थेट तुमच्या मेकॅनिककडे जाऊन दोन्ही डिफचं चमचाभर ऑइल काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. 700 मिलिमीटर पाण्यातून जाणारी गाडी म्हणून लोक हिला ओढ्यात घालतात आणि नंतर ऑइल बदलत नाहीत. असं ऑइल दिसलं तर मी तिथेच नाही म्हणतो.

माझं मत विचाराल तर लॉक चालणारी 2023ची गाडी, लॉकचा दांडा कधीच न ओढलेल्या 2024च्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली. दोन्हींचे लॉक चालत असतील तर तुमचा रस्ता बघा. सुट्टीला चौघं जण सामानासकट ताम्हिणी किंवा वरंधा घाटाने कोकणात जाणार असाल तर 2024चीच घ्या. घाटात मालट्रक ओलांडताना त्या जादा 50 अश्वशक्ती लागतात. गाडी शेतावर, मुळशी-वेल्ह्याच्या कच्च्या वाटांवरच फिरणार असेल तर 2023ची पुरेशी आहे. 4 एलमध्ये ती कुठे कमी पडताना मी पाहिलेली नाही आणि वाचलेल्या पैशांत चांगली टायर येतात.

गाडी घरी आली की महिन्यातून एकदा मातीवर दोन्ही लॉक ओढून दहा-बारा मीटर चालवा आणि सोडा. माझी केबल न वापरल्यानेच धरली होती.