उष्ण हवेत कोंबडीच्या पिल्लांचा ऊबदिवा कधी बंद करावा

पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी कमी करावी लागते. त्यामुळे उष्ण हवेत दुपारचे तापमान या गरजेइतके असल्यास दिवा दिवसा बंद ठेवून फक्त रात्री लावावा. मात्र तापमापक पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा, कारण छताजवळचा आकडा फसवा असतो. त्याहून भरवशाचे म्हणजे पिल्लांचे वागणे: चोच उघडी ठेवून धापा टाकत ती दिव्यापासून लांब गेली तर ऊब जास्त आहे, आणि मोठ्याने चिवचिवत एकमेकांना बिलगली तर कमी. पहाटेचा गारवा सोसून ती निवांत विखरून झोपू लागली आणि अंगावर पिसे भरली की रात्रीचाही दिवा काढावा; पावसाळी गारठा असल्यास थोडे थांबावे.