दयाळू मृत्यू लिहिताय? या चुका टाळा

फँटसी लिहिणाऱ्यांना मृत्यूचा लळा लागलाय. कवटी आणि थंडगार हसू मागे पडलं. आता मऊ आवाजाचा, मरणाऱ्याचा हात हातात घेणारा समजूतदार मृत्यू येतो. पात्रात दम आहे, तरी बऱ्याच मसुद्यांत ते दुसऱ्या-तिसऱ्या प्रसंगातच निस्तेज होतं आणि लेखकाला बिघाड सापडत नाही. बिघाड बहुधा एकच असतो: मृत्यूला दया दिली, बंधन दिलंच नाही.

दया म्हणजे सूट, असं समजणं

नायिका रडते, मृत्यूचं मन द्रवतं, तो तिच्या भावाला सोडून देतो. वाचक क्षणभर सुखावतो आणि लगेच विचारतो, मग बाकीच्यांना का नाही सोडलं? शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई कमी रडली होती का? ही शंका आली की तुमचा मृत्यू दयाळू राहत नाही, लहरी ठरतो. लहरी मृत्यूपेक्षा क्रूर परवडला, निदान तो सगळ्यांशी सारखा वागतो.

इथे सावित्रीचा दाखला हमखास दिला जातो, पण ती कथा नेमकं उलटं सांगते. महाभारताच्या वनपर्वातला यम तिच्या बोलण्यावर प्रसन्न होऊन वर देत जातो, पण अट घालतो: सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग. सासऱ्यांची दृष्टी, त्यांचं राज्य, वडिलांना शंभर पुत्र, मग स्वतःला सत्यवानापासून शंभर पुत्र. पाचव्या खेपेस ती अट यमाच्या तोंडून येत नाही. सावित्री ते बरोबर हेरते, प्राण मागते आणि पतीवाचून तुमचा आधीचा वर खरा कसा होणार, हेही सुनावते. यमाला तिचं कौतुक आहेच, पण सत्यवान सुटतो तो यमाच्या शब्दामुळे. कथेत कुणाला परत आणायचंच असेल तर अशी फट नियमातच ठेवा, आणि ती बरीच आधी पेरा.

जर्मन लोककथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंच्या संग्रहातली एक कथा दुसरं टोक दाखवते. तेराव्या मुलासाठी धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा माणूस, शोधणारा गरीब बाप देवाला नाकारतो, सैतानाला नाकारतो आणि मृत्यूला निवडतो, कारण तो गरीब-श्रीमंत भेद करत नाही. मृत्यू त्या मुलाला नामांकित वैद्य करतो. नियम साधा: मृत्यू रोग्याच्या उशाशी दिसला तर रोगी वाचणार, पायथ्याशी दिसला तर तो मृत्यूचा. राजा आजारी पडतो तेव्हा वैद्य रोग्यालाच उलटा फिरवतो. धर्मपिता रागावतो, पण एकवार सोडून देतो. राजकन्येच्या वेळी मुलगा तेच करतो आणि मग गय नाही. माया खरी आहे, म्हणून तर शेवट झोंबतो.

करुणेला पूर्वेतिहास नसणं

मृत्यू पहिल्या पानापासून संत असेल तर पुढे त्याचं करायचं काय? शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक कथा सांगतात. प्राणी वाढत गेले, पृथ्वीला भार झाला, म्हणून ब्रह्मदेवाकडून मृत्यू नावाची स्त्री निर्माण झाली. संहाराची आज्ञा ऐकून ती रडू लागते. लहान मुलं, आईबाप, भाऊ यांना मी कशी मारू, म्हणते. पुढे कित्येक वर्षं तप करत ती हे काम टाळते. ब्रह्मदेवाने ओंजळीत झेललेले तिचे अश्रूच अखेर रोग होतात आणि काम तिला स्वीकारावंच लागतं. ज्या अश्रूंनी नकार दिला, त्यांचंच हत्यार झालं! एवढा ताण तुमच्या पात्रात असेल तर वेगळी हळवी वाक्यं लागणार नाहीत.

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या फँटसी कादंबरी-मालिकेतला मृत्यूही एकदम मवाळ झालेला नाही. 1983 च्या पहिल्या कादंबरीत तो चक्क खुनशी आहे. 1987 च्या ‘मॉर्ट’मध्ये तो शिकाऊ मुलगा ठेवतो, आणि 1991 च्या ‘रीपर मॅन’मध्ये नोकरी जाऊन शेतावर मजुरी करतो, तेव्हा स्वतःच्या घड्याळातली वाळू संपत जाताना पाहतो. तुमच्याकडे मालिका नसेल. पूर्वी हे पात्र असं नव्हतं, एवढं कळेल असा एक प्रसंग पुरे.

प्रवचन

मृत्यू सलग तीन वाक्यं जीवनाच्या अर्थावर बोलला की कात्री घ्या. म्हातारी विचारते, “दुखेल का?” तो म्हणतो, “दुखून झालं.” बस. त्याची दया कृतीत दिसू द्या: खोटं न बोलणं, नाव विचारावं न लागणं, घाई न करणं.

मृत्यूला प्रियकर करणं

खचलेलं पात्र, देखणा मृत्यू, त्याच्या मिठीत सुटका. हे लिहायला सोपं आहे आणि मला ते धोक्याचं वाटतं. त्या अवस्थेतला वाचक हे पान वाचत असू शकतो, आणि कथा त्याला मरण हा उपाय म्हणून दाखवत असते. अशा पात्रासमोर मृत्यू आलाच तर त्याला हे येणं मान्य नसावं. मदतीचा हात जिवंत माणसाचा असू द्या.

पोशाखावर फार वेळ घालवू नका. लांब दांड्याचा विळा युरोपातल्या शेतांतून आला, पाश यमाच्या हातातला; तुमचं जग समुद्रावरचं असेल तर दोन्ही उसने वाटतील. तिथल्या लोकांच्या हातात रोज काय असतं ते पाहा.

गर्दीचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. युद्धात एका रात्रीत हजारो मरतात, तेव्हा हा प्रत्येकाशेजारी बसतो का? मार्कस झुसाकच्या 2005 च्या ‘द बुक थीफ’ या कादंबरीचा निवेदक मृत्यू आहे, दुसऱ्या महायुद्धाने थकलेला. तो आकाशाचे रंग न्याहाळत मन दुसरीकडे वळवतो, आणि गोष्ट सांगतो एका मुलीची. तोडगा हाच: त्याला थकवा द्या, आणि कॅमेरा एकावरच ठेवा.

आणखी एक चूक सहसा शेवटच्या प्रकरणात निघते. मृत्यू इतका गोड वागतो की घरच्यांचाही शोक विरघळतो. पण तो हळुवारपणा मरणाऱ्याने अनुभवलाय, आईने नाही. तिला रिकामी खाटच दिसते. तिने मृत्यूला शिव्याशाप द्यावेत आणि त्याने ते निमूट ऐकावेत. ‘मी त्याला त्रास होऊ दिला नाही’ असा खुलासा त्याच्या तोंडी घातला असेल तर तो परिच्छेद काढून प्रकरण पुन्हा वाचा. आईचा राग तिथे जास्त वेळ टिकलेला दिसेल.