सस्पेंशन बदलून गाडीची उंची कमी केली, पण एक कोपरा उंचच
पुढचा डावा कोपरा ८ मिमी उंच राहत होता. कॉइलओव्हरचा (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा जोड) कॉलर, म्हणजे स्प्रिंगखालची फिरवायची रिंग, फिरवण्याआधी चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट पाहिले. चाकं लोंबकळत असतानाच आवळलेले! अशाने बुशचं (आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळीचं) रबर पिळलं जातं आणि गाडी वर धरून ठेवतं. बोल्ट सैल केले, गाडी उतरवून ३-४ मीटर पुढे-मागे ढकलली (जॅकवरून उतरवल्यावर टायर आत ओढलेले असतात, लगेच घेतलेलं माप खोटं येतं), मग रॅम्पवर, चाकांवर भार असतानाच टॉर्क रेंचने आवळले. ५ मिमी तिथेच गेले. उरलेल्या ३ मिमीसाठी अँटी-रोल बारची (डावं-उजवं चाक जोडणाऱ्या दांड्याची) लिंक सोडून कॉलर २ मिमीच खाली घेतला, कारण मोशन रेशो ०.७, म्हणजे चाक १ मिमी हललं की स्प्रिंग ०.७ मिमी हलते. शेवटी टो (चाकं पुढून आत की बाहेर वळलेली आहेत तो कोन) पुन्हा लावला. उंचीबरोबर तो सरकतोच.