चाचणी मराठीत आणताना: नागपुरात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रात एम.ए. करून स्मृतिभ्रंशाच्या प्रकल्पावर लागलात की पहिलं काम बहुधा हेच येतं: 'ही इंग्रजी चाचणी मराठीत करा.' आधी हक्क कुणाचे ते बघा. 1975 ची एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, स्मरण-एकाग्रता तपासणारी छोटी चाचणी) सर्रास झेरॉक्स करून वापरतात, पण ती फुकट नाही.

मग दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, तिसऱ्याने जुळवायचं आणि मूळ न पाहिलेल्याने परत इंग्रजीत न्यायचं. बरेच जण इथेच थांबतात. पण परतभाषांतर जुळलं तरी फक्त अर्थ जुळतो, काठिण्य नाही.

एमएमएसईतलं शंभरातून सात-सात वजा करणं घ्या. 93, 86, 79. मराठीत त्र्याण्णव, शहाऐंशी म्हणजे एकक आधी, आणि 79 तर ऐंशीला एक उणा. वजाबाकी येते, आकड्याचं नाव अडतं, गुण मात्र एकाग्रतेचे जातात. 'सेव्हंटी नाइन' चालवा. बालभारतीच्या 2019 च्या दुसरीच्या गणितातलं 'सत्तर नऊ'ही चालवा. शाळा न पाहिलेल्यांना हे विचारूच नका, आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. हिंदी एमएमएसईने तेच केलं.

अक्षरावरून शब्द सांगायला लावताना 'क' दिलात, तर 'किल्ली' धरायची का? 'क्रम'? माहिती गोळा करण्याआधीच नियम लिहून काढा, नाहीतर एकाच ध्वनिमुद्रणाला दोन परीक्षक वेगळे गुण देतील. 'ण', 'ळ' अर्थातच बाद.

चित्र ओळखण्यात इग्लू, अस्परॅगस काढाल, पण त्यांच्या जागी गाय नको. हे प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावलेले असतात. कोथिंबिरीला इथे 'सांबार' म्हणतील, टोमॅटोला 'भेदरं'. पूर्ण गुण. (परीक्षक पुण्याचा असेल तर आधीच सांगून ठेवा.) मेडिकल-मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत छिंदवाडा, बालाघाट, गडचिरोलीहूनही लोक येतात, घरी गोंडी, बाजारात हिंदी असू शकते. घरची, शाळेची, बाजाराची भाषा असे तीन वेगळे रकाने ठेवा.

आधी आठ-दहा जणांकडून चाचणी सोडवून घ्या, निम्मे चौथीच्या आत शिकलेले हवेत, आणि प्रत्येकाला 'काय समजलं?' असं विचारा. नंतर प्रत्येक भाषागटात साधारण 200 जण असतील तर मँटेल-हेन्झेल पद्धत लावता येते: एकूण गुण सारखे असूनही एखादा प्रश्न एकाच गटाला जड जातो का, ते तिच्यातून दिसतं. असा प्रश्न लगेच उडवू नका. उत्तरपत्रिका काढा, पुष्कळदा दोष प्रश्नात नसतो, सूचनेत असतो.