पावसाळ्याच्या तोंडावर चारा बदलताना कोटीपोटाला सवड द्या

कोरड्या वैरणीवर उन्हाळा काढलेल्या गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांना पहिल्या पावसानंतरचा कोवळा चारा एकदम भरपूर दिला, तर जुलाब, पोटफुगी आणि आम्लतेच्या तक्रारी वाढतात. दोष चाऱ्याचा नसतो. तो ज्या पोटात जातो, त्या पोटाची घडण अजून कोरड्या वैरणीला साजेशीच असते.

कोटीपोट म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचा पहिला, सर्वांत मोठा कप्पा; त्याच्या अस्तरावर असंख्य बारीक अंकुर असतात. चारा आंबताना सूक्ष्मजीव जी मेदाम्ले तयार करतात ती या अंकुरांवाटे रक्तात जातात आणि जनावराची ऊर्जेची बहुतांश गरज त्यांतूनच भागते. निकृष्ट आहारावर अंकुर आखडतात, तर पचायला सोपा आहार सुरू झाला की या मेदाम्लांपैकी ब्युटिरिक व प्रोपिओनिक आम्लांमुळे ते पुन्हा वाढू लागतात. मात्र सूक्ष्मजीवांची घडी साधारण २ ते ३ आठवड्यांत बसते, अंकुरांची वाढ पुरी होण्यास ४ ते ६ आठवडे लागतात. या मधल्या काळात आम्ल शोषले जाण्यापेक्षा वेगाने साचू शकते, आणि कोटीपोटाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) ५.५ च्या खाली राहिला तर अस्तरालाच इजा होते.

युरोपातील रो हरणांमध्येही हे अंकुर उन्हाळ्यात मोठे आणि हिवाळ्यात लहान आढळतात. पण रानात पालवी हळूहळू फुटते आणि हरीण निवडून खाते, त्यामुळे शरीराला बदलण्यास वेळ मिळतो. गोठ्यातील जनावर आपण टाकू तेच खाते, म्हणून तो वेळ देण्याची जबाबदारी आपली आहे.

पहिल्या आठवड्यात हिरवा चारा एकूण वैरणीच्या चौथ्या हिश्श्याइतकाच ठेवावा व पुढे दर चार-पाच दिवसांनी थोडा थोडा वाढवावा. चरायला सोडण्यापूर्वी कोरडी वैरण खाऊ घालावी, कारण ती चावताना व रवंथ करताना सुटणारी लाळ आम्ल सौम्य करते. लसूणघास किंवा बरसीम ओला व उपाशीपोटी देऊ नये. खुराकही टप्प्याटप्प्यानेच वाढवावा आणि धान्य पिठासारखे बारीक न दळता भरडून द्यावे. बारीक पिठाने अंकुरांवरचा थर जाड होऊन शोषण मंदावते. गाभण जनावरांना विण्याच्या २ ते ३ आठवडे आधीपासून थोडा खुराक सुरू केल्यास व्याल्यानंतर वाढणाऱ्या आहाराला अस्तर तयार असते.

रवंथ थांबणे, शेण पातळ व आंबूस येणे, डावी कूस तटतटणे यांपैकी काहीही दिसल्यास पशुवैद्यकास तातडीने बोलवावे.

या हंगामात जन्मलेल्या वासरांकडे वेगळे लक्ष हवे. त्यांचे अंकुर जवळजवळ अविकसित असतात आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या कप्प्यात जात असल्याने केवळ दुधावर ते वाढत नाहीत. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दुधासोबत मूठभर काफ स्टार्टर (वासरांसाठीचा सुरुवातीचा खुराक) व स्वच्छ पाणी समोर ठेवावे, आणि वासरू पुरेसा खुराक नियमित खाऊ लागेपर्यंत दूध तोडू नये.